उद्याची तयारी

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. माहेरी म्हणायचे, हिला तापल्या दुधातही पाण्याचा वास येतो. भाजीवाला "ताई, खास तुमच्यासाठी बाजूला ठेवलीय" म्हणाला, की मी मेथीची जुडी सोडून आतली पानं बघते. त्यामुळे मुलीच्या शाळाप्रवेशाच्या वेळी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, हसून म्हणाल्या, "आमच्याकडे सगळी मुलं सारखीच," तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडली. शेजारच्या खुर्चीत नवरा मात्र चांगला मागे रेलून बसला. त्याला वाटलं, सुटलो एकदाचे.

सारखीच कशी असतील? माझी मुलगी बोलत नाही. ती स्वमग्न आहे. तिला पाणी आवडतं, दही आवडतं, वस्तू ओळीत लावायला आवडतात. कुकरची शिट्टी, डोक्यावर फिरवलेला परका हात आणि ऐनवेळी बदललेला रस्ता यातलं काहीही तिला चालत नाही. खूप आनंद झाला किंवा खूप भीती वाटली की ती घशातून एक लांब आवाज काढते. दोन्हींतला फरक मला कळतो, आणि कधीकधी मलाही कळत नाही.

ही तिची तिसरी शाळा. पहिल्या शाळेने आम्हाला सांगितलं होतं की त्यांच्याकडे लिफ्ट नाही. माझी मुलगी जिना माझ्या दुप्पट वेगाने चढते, हे मी त्यांना दाखवूनही दिलं, पण लिफ्ट नव्हती ती नव्हतीच. दुसऱ्या शाळेने काही महिने ठेवून घेतलं आणि मग कळवलं, "तिला इथे आनंद मिळत नाही असं आम्हाला वाटतं." तिच्या आनंदाची एवढी काळजी मी स्वतः कधी केली नव्हती. या तिसऱ्या शाळेने नाही म्हटलं असतं तर आमच्या वारज्याच्या आसपास विचारायला जागा उरली नव्हती.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. तिने वर्गात बसावं, एवढंच. पहिला नंबर नको, गोष्टी पाठ नकोत, स्नेहसंमेलनात झाडाचं काम नको. इतर मुलांकडे बघून ती शिकते. बूट उजवा-डावा ओळखायला ती मैदानातल्या मुलींकडे बघून शिकली. डबा खाऊन झाल्यावर झाकण लावायचं, हे मी वर्षभर शिकवत होते आणि शाळेतल्या एका मुलीकडे बघून तिला ते आठवड्यात जमलं. शाळेत मिळण्यासारखं जे होतं ते त्या वर्गातल्या बाकांवर होतं. ते तिला मिळतंय की नाही, हे विचारलं तर ती सांगू शकत नव्हती आणि बाकीचे सगळे गोड बोलत होते.

आठवड्यातून एकदा आम्ही थेरपीला जायचो. तिथल्या ताईंनी तिला एक पट्टी करून दिली होती. जाड पुठ्ठ्यावर वेल्क्रो, आणि त्यावर चिकटवायची काडेपेटीएवढी चित्रं: स्कूटर, प्रार्थना, वर्ग, डबा, मैदान. वरून खाली तोच तिचा दिवस. एक गोष्ट झाली की तिने ते चित्र काढायचं आणि खाली शिवलेल्या कापडी कप्प्यात टाकायचं. कप्प्यावर लिहिलं होतं, "झालं".

"ही पट्टी म्हणजे आपण तिला दिलेला शब्द आहे," ताई म्हणाल्या होत्या. "जे होणार नाही ते पट्टीवर लावायचं नाही. कधीच नाही."

मुलीने तो शब्द आमच्यापेक्षा गंभीरपणे घेतला. घरच्या पट्टीवर जेवणाचं चित्र असायचं. एकदा सगळं जेवून झालं तरी ती ते काढेना. मी काढायला गेले तर तिने माझा हात धरून बाजूला केला, चित्र पूर्ण न काढता एका कोपऱ्यावर लटकतं ठेवलं आणि माझ्याकडे न बघता ताटापाशी जाऊन बसली. बराच वेळ माझ्या लक्षात येईना. मग दिसलं, मी दही वाढायला विसरले होते. दही दिलं, तिने खाल्लं, वाटी चाटली आणि मगच चित्र कप्प्यात गेलं. त्यानंतर कुठलीही गोष्ट अर्धवट राहिली की ते चित्र एका कोपऱ्यावर लटकायचं. आंघोळीत केस धुवायचे राहिले, चित्र लटकलं. बागेत झोपाळा मिळाला नाही, चित्र लटकलं. नवरा म्हणायचा, घरात एक ऑडिटर आलाय.

शाळेची पट्टी दप्तराला अडकवून जायची. दुपारी मी तिला आणायला जायचे तेव्हा पट्टी रिकामी आणि कप्पा भरलेला असायचा. शिवाय फोनवर वर्गाच्या बाईंचा निरोप: "छान दिवस गेला," आणि पुढे एक अंगठा. नवऱ्याचं ऑफिस हडपसरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्यापर्यंत मुलीचा दिवस त्या अंगठ्यातूनच पोचायचा. बसमधून तोही मला अंगठा पाठवायचा.

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एक नवीन गोष्ट सुरू झाली. घरी आल्यावर बूट काढायच्या आधी ती पट्टी घेऊन खाली बसायची. कप्प्यात हात घालून चित्रं उपसायची, त्यातून वर्गाचं चित्र शोधायची आणि ते रिकाम्या पट्टीवर, त्याच्या ठरलेल्या जागी, दाबून चिकटवायची. बाकीची परत कप्प्यात. मग उठून पाणी प्यायची. रोज.

आम्ही भारावून गेलो. "उद्याची तयारी करते बघ," नवरा म्हणाला. "शाळा आवडतेय तिला." खडकीला राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी तर बुद्धविहारातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं, आमची नात आदल्या दिवशीच दुसऱ्या दिवसाची तयारी करते, तुमच्या बोलणाऱ्या नातवंडांना जमतं का? मीही काही कमी नव्हते. तिचा व्हिडिओ काढून मी बहिणीला पाठवला. दुधातलं पाणी ओळखणारी मी, त्या एका गोष्टीवर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण ती गोष्ट मला हवीहवीशी होती.

बाकी सगळ्यावर मात्र मी संशय घेत होते. पहिला संशय पेन्सिलीचा. जानेवारीत तिच्या कंपासातली पेन्सिल मी दिली होती तेवढीच लांब होती. वर्गात बसणाऱ्या मुलाची पेन्सिल झिजते, हरवते, चावली जाते, नाहीतर बदलून दुसऱ्याची येते. हिची तशीच्या तशी, टोकासकट. दुसरा संशय तिच्या फ्रॉकचा. धुवायला घेतला की मागच्या बाजूला पांढरी पूड. आधी मला खडू वाटला. पण खडूची पूड हाताला, बाहीला लागते. ही पाठीला आणि बसायच्या जागी होती आणि पाण्यात टाकली की चुन्यासारखी खाली बसायची. मैदानावर रेषा आखायला वापरतात ती फक्की. फक्कीच्या गोणीला टेकून बसल्याशिवाय ती पाठीला लागत नाही.

एके दुपारी फाटकाशी बाईंना गाठलं. फाटकाच्या आत पालकांना मनाई होती, सुरक्षेसाठी. बाई तरुण, बारीक, कायम घाईत. वर्गात चाळीसच्या वर मुलं.

"फ्रॉकला फक्की कशी लागते हो रोज?"

"मैदानात खेळतात ना मुलं," बाई म्हणाल्या.

"पाठीवर?"

"अहो, मुलं ती. लोळतात." हे म्हणताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या स्कूटरच्या आरशाकडे बघत होत्या.

"पेन्सिल झिजत नाही तिची."

"आम्ही वर्गातली देतो तिला. हरवायला नको म्हणून." आणि लगेच, "खूप गोड आहे हो ती. काही त्रास नाही तिचा."

त्रास नाही, हे ऐकून मला खात्रीच झाली. माझी मुलगी जिथे असते तिथे थोडा त्रास असतोच. तो नसेल, तर ती तिथे नसते.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू पोलिसात भरती व्हायला हवं होतंस." मग म्हणाला, "आणि समजा तसं असलंच, तर काय करणार आहेस? चौथी शाळा कुठे आहे?" त्याचं बरोबर होतं. पुरावा नसताना भांडले असते, तर मोठ्या बाईंनी तेच भांडण उचलून आम्हाला दार दाखवलं असतं. पालकांचा शाळेवर विश्वास नाही, हे कारण लिफ्टपेक्षा कितीतरी बरं.

म्हणून मी सापळा लावायचं ठरवलं.

आमच्याकडे पोहण्याचं एक चित्र होतं. ते फक्त रविवारी घरच्या पट्टीवर लागायचं, तलावावर जायचं असलं की. एका गुरुवारी सकाळी, मुलगी दूध पीत असताना, मी ते शाळेच्या पट्टीवर वर्ग आणि डबा यांच्या मध्ये चिकटवलं. शाळेत पोहण्याचा तलाव नव्हता. पाणी होतं ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत. पोहण्याचं चित्र दुपारी कप्प्यात सापडलं, तर सरळ अर्थ होता: कोणीतरी न बघता सगळी चित्रं काढून कप्प्यात कोंबतंय, आणि मग वर्गाच्या चित्राचाही काही भरवसा नाही. ताईंचं वाक्य मला आठवत होतं. ते आठवत असताना मी चित्र लावलं.

त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही. पोळी करपली. शाळा सुटायच्या कितीतरी आधी मी फाटकाशी उभी होते. मुलगी आली, शाळेतल्या मावशींच्या मागे, दप्तर पोटाशी धरून. मी तिथेच उकिडवी बसून पट्टी बघितली. रिकामी. कप्प्यात हात घातला. स्कूटर, प्रार्थना, वर्ग, डबा, मैदान. आणि पोहणं.

मला आनंद झाला हे लपवत नाही. आपलाच संशय खरा ठरल्याचा एक वाईट आनंद असतो, तो झाला. फोन वाजला. "छान दिवस गेला." अंगठा. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात मोठ्या बाईंशी चार वेळा भांडून जिंकले होते.

घरी आल्यावर मुलगी नेहमीप्रमाणे बुटांसकट खाली बसली. मी डबा काढायला तिचं दप्तर उघडलं. डब्याखाली काहीतरी मऊ लागलं. तिची पोहायची टोपी. आणि पोहायचा चष्मा. सकाळी मी वेणीसाठी कंगवा शोधत होते तेवढ्यात तिने पट्टी बघितली असणार, कपाट उघडलं असणार आणि दोन्ही वस्तू आठवणीने दप्तरात भरल्या असणार. पट्टीवर होतं, म्हणजे होणार होतं.

मी टोपी हातात धरून उभी राहिले. समोर तिचं काम चाललं होतं. तिने कप्प्यातली सगळी चित्रं जमिनीवर उपसली. त्यातून वर्गाचं उचललं आणि पट्टीवर त्याच्या जागी दाबलं. मग रोज जे करत नव्हती ते केलं. परत चित्रांत हात घातला, पोहण्याचं शोधलं आणि वर्गाच्या खाली दाबून बसवलं. उरलेली चित्रं कप्प्यात गेली. पट्टीवर दोनच राहिली.

पोहणं झालं नव्हतं. ते मला पक्कं माहीत होतं, कारण ते होऊच शकत नव्हतं. ज्यांनी कोणी ते कप्प्यात टाकलं होतं त्यांनी खोटं टाकलं होतं आणि ती ते बाहेर काढून परत जागेवर लावत होती. हे झालेलं नाही, म्हणून. मग त्याच्या वरचं?

मी खाली बसले. दिवाळीपासून रोज दुपारी, बूट काढायच्या आधी, पाणी प्यायच्याही आधी, ती मला हेच सांगत होती. मला वर्गात नेलं नाही. आजही नेलं नाही. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. सासूबाईंनी विहारात सांगितलं होतं. मी व्हिडिओ काढला होता. त्या व्हिडिओत माझाच आवाज आहे, "शाब्बास, शाब्बास," आणि ती मान वर करून एकदा माझ्याकडे बघते. मी तो त्या दिवशी पुन्हा लावून बघितला आणि मला रडू आवरेना. तिच्या तोंडावर शाबासकी मिळाल्याचा भाव नव्हताच. ती वाट बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेला निघेना. पोहायची टोपी डोक्यावर चढवून दारात उभी राहिली, पोहण्याच्या चित्रावर बोट ठेवून. मी स्कूटरचं चित्र लावलं, तिने काढून फेकलं. प्रार्थना लावली, तीही फेकली. आधीचा शब्द पाळल्याशिवाय ती पुढचा घ्यायला तयार नव्हती. मी तलावावर फोन केला तर पाणी बदलायचं काम चालू होतं. तलाव रविवारी उघडणार होता. रविवार तिला कसा समजावणार? मी पोहण्याचं चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर रविवारच्या चौकोनात नेऊन लावलं, तिने ते परत आणलं. मग तिने तो लांब आवाज काढला, आणि तो कशाचा होता हे मला या वेळी बरोबर कळलं.

सापळ्याचा मला पश्चात्ताप आहे का? सापळ्याचा नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन. पण तो तिच्या पट्टीवर लावायला नको होता. तिच्याकडे खरं सांगणारी तेवढी एकच गोष्ट होती.

त्या दिवशी, शुक्रवारी, नवरा घरून काम करत होता. मुलीला त्याच्यापाशी ठेवून मी पट्टी घेऊन शाळेत गेले. फाटकावर अडवलं तेव्हा म्हणाले, "मोठ्या बाईंना सांगा, तुमच्या शाळेत पोहण्याचा तलाव कुठे आहे ते बघायला आलेय." मला आत घेतलं.

मोठ्या बाईंच्या टेबलावर मी पोहण्याचं चित्र ठेवलं. वर्गाच्या बाईंनाही बोलावलं होतं. त्या दाराशी उभ्या राहिल्या.

"हे काल तुम्ही 'झालं'मध्ये टाकलंत."

बाईंचा चेहरा उतरला. "शाळा सुटताना सगळीच काढून टाकते मी," त्या म्हणाल्या. "मध्यंतरी एकदा एक चित्र पट्टीवर राहिलं होतं, तेव्हा आपण संध्याकाळपर्यंत तीन वेळा फोन केलात. रिकामी असली की फोन येत नाही."

हे अगदी खरं होतं. मी पुढचा प्रश्न विचारला. "ती बसते कुठे?"

मोठ्या बाईच बोलल्या, शांतपणे, चष्मा पुसत. "खेळाच्या सामानाच्या खोलीत. प्रार्थनेनंतर, डब्यापर्यंत. मावशी असतात लक्ष ठेवायला. ती आवाज काढते, मुलं विचलित होतात, पालकांच्या तक्रारी येतात. तिच्याच सोयीसाठी केलंय. तिथे तिला चेंडू ओळीत लावायला मिळतात. रमते."

"दिवाळीपासून?"

"साधारण."

"आणि मला कळवावंसं वाटलं नाही."

"कळवलं असतं तर आपण फोन केला असतात," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. मग त्यांनी माझी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि अगदी समजुतीने तोडगा काढला. "हे पाहा, आपलं म्हणणं एवढंच ना की चित्र खोटं आहे? मग सोपं आहे. वर्गाचं चित्र काढा. खेळाच्या खोलीचं लावा. म्हणजे तिलाही खोटं वाटणार नाही आणि आपल्यालाही नाही."

माझ्या आयुष्यात मला अनेकांचा राग आला आहे, पण त्या तोडग्याइतका कशाचाच नाही. कारण तो चोख होता. त्यात कुठेही खोट काढता येत नव्हती. ती पट्टी खरी झाली असती, रोज भरलेला कप्पा खरा झाला असता, माझी मुलगी रोज दुपारी मुकाट्याने बूट काढून पाणी प्यायली असती आणि कोणालाच काही सांगायचं उरलं नसतं.

"चित्र मी बदलणार नाही," मी म्हणाले. "खोली तुम्ही बदला."

"विचार करून सांगते."

"करा. मी बाहेर बसते."

बाहेरच्या बाकावर मी मधली सुट्टी होईपर्यंत बसले. समोरच्या भिंतीवर मुलांचे हसरे फोटो होते आणि खाली लिहिलं होतं की प्रत्येक मूल वेगळं असतं. प्रवेशाच्या वेळी सारखं होतं. शेवटी मोठ्या बाई बाहेर आल्या. सोमवारपासून वर्गात बसेल, म्हणाल्या. आवाज केला तर बाई तिला दाराबाहेर एक फेरी मारून आणतील आणि परत बसवतील. पट्टीला तिच्याशिवाय कोणी हात लावणार नाही. सगळं मान्य. इतक्या लवकर मान्य झालं की मला घरी येईपर्यंत त्याचाच संशय येत राहिला.

रविवारी तलाव उघडला. पाणी नवीन आणि बर्फासारखं गार होतं, बायकांच्या बॅचमध्ये जेमतेम दोघी-तिघी आल्या होत्या. तिने टोपी घातली, चष्मा लावला, पायऱ्यांवरून उतरली आणि पाण्याखाली गेली ती ओठ निळे होईपर्यंत बाहेर यायला तयार नव्हती. बाहेर आल्यावर मी टॉवेल पुढे केला तर तो तिने घेतला नाही. आधी माझ्या पिशवीतून पट्टी काढली. ठिबकत्या हातांनी पोहण्याचं चित्र ओढून काढलं आणि कप्प्यात टाकलं. मग टॉवेल घेतला. माझ्या छातीवरचं एक ओझं तिथे ओल्या फरशीवर उतरलं, आणि दुसरं तसंच राहिलं. पट्टीवर अजून वर्ग होता.

सोमवारी तिने स्कूटरचं चित्र स्वतः लावलं. फाटकातून आत गेली. मी बाहेर उभी राहिले. खेळाच्या सामानाची खोली फाटकातून दिसते, हे मला इतके महिने माहीत नव्हतं. मावशींचा पाय सवयीने तिकडे वळला. मुलगी थांबली. तिने पट्टी वर धरली आणि वर्गाच्या चित्रावर बोट ठेवलं. मावशी एकदा तिच्याकडे, एकदा फाटकाकडे बघत राहिल्या, मग जिन्याकडे वळल्या. मुलगी त्यांच्या पुढे, दोन-दोन पायऱ्या एकदम.

त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त काही बघायला मिळालं नाही. दुपारी फोन वाजला. "आज पूर्ण वेळ वर्गात होती. खूप छान दिवस." दोन अंगठे. मी पुढे पाठवलेला तो निरोप बघून नवऱ्याने ऑफिसमधूनच फोन केला. "बघ," तो म्हणाला. "झालं ना? आता तरी विश्वास ठेव." मलाही ठेवायचा होता. खरंच ठेवायचा होता.

घरी आल्यावर मुलगी बुटांसकट खाली बसली. पण या वेळी तिने कप्प्यात हात घातला नाही. कोणी चित्रं कोंबलेली नव्हती. जे झालं होतं ते तिनेच टाकलं होतं: स्कूटर, प्रार्थना, डबा, मैदान. ती पट्टी मांडीवर घेऊन बसून राहिली. पूर्वी अशी थांबत नसे. मी शेजारी जाऊन बसले आणि बघितलं.

वर्गाचं चित्र पट्टीवर एका कोपऱ्याने लटकत होतं.

"अर्धा?" मी विचारलं.

तिने माझं बोट धरलं आणि त्या लटकत्या चित्रावर ठेवलं. जरा वेळ तसंच दाबून ठेवलं. मग सोडलं, उठली, बूट काढले आणि पाणी प्यायला गेली. तिचं सांगून झालं होतं.

मी तिची कंपासपेटी उघडली. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. मी ती पेन्सिल परत जागेवर ठेवली. मग फोन उचलला आणि बाईंना लिहिलं: "अर्धा वेळ वर्गात होती, त्याबद्दल मनापासून आभार. उरलेला अर्धा वेळ कुठे होती ते विचारायला उद्या सकाळी येते."

त्यांचं उत्तर आलं: "डब्याच्या आधी मुलं दंगा करत होती म्हणून जरा खाली नेलं होतं. सॉरी. आपल्याला कोणी सांगितलं?"

नवरा घरी आल्यावर मी त्याला दोन्ही निरोप वाचायला दिले. त्याने ते वाचले, पट्टीकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं.

"खरंच, कोणी सांगितलं तुला?" त्याने विचारलं.

"लेकीने," मी म्हणाले.